भिंतीवरचा शिपाई
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘पुण्याचे यशस्वी उद्योजक’ अशी करून दिली. समोर बसलेल्या १९७९ च्या दहावीच्या बॅचला हसू आवरत नाहीये, ते मला इथून दिसतंय. मी फ्रेमवाला आहे. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकलो, चित्रकार व्हायचं होतं, झालो नाही. लोकांची चित्रं काचेमागे बसवून देतो. त्यात पोट भरलं, मुलांची शिक्षणं झाली.

आज मला बोलायला उभं केलंय त्याला कारण आहे. शाळेच्या सभागृहाचं नूतनीकरण आपण माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून केलं. भिंती रंगवून झाल्या तेव्हा आपल्या ग्रुपवर कोणीतरी एका हॉटेलातल्या भिंतीचा फोटो टाकला. जुनी युद्धकाळातली पोस्टरं, काळ्या चौकटीत, ओळीनं लावलेली. ‘आपल्या हॉलला असा विंटेज लूक देऊ’, असं ठरलं. पन्नास अंगठे वर झाले. निवड आणि फ्रेमिंग माझ्याकडे आलं, आणि ‘त्यावर दोन शब्दही बोला’ असं फर्मान सुटलं. माईक हाती आलेल्या वऱ्हाडी माणसाचे दोन शब्द किती लांबतात हे तुम्हाला ठाऊक आहे. जेवण तयार आहे, तेव्हा आवरतं घेतो.

पुण्यात दुकान टाकलं तेव्हा फ्रेमला यायचे ते देव आणि वारलेली माणसं. त्यानंतर निसर्गदृश्यांचा काळ आला. धबधबा, बर्फाचे डोंगर आणि त्यापुढे लाल कौलांचं घर. पुढे सात धावते घोडे आले, त्यांनी मला सात-आठ वर्षं जगवलं. आणि आता गेली काही वर्षं तरुण मुलं येतात ती जुन्या जाहिराती, जुने नकाशे, जुनी पोस्टरं घेऊन. नव्या कॅफेची भिंत सजवायची असेल तर दहात दोन-तीन चित्रं हमखास युद्धातली असतात. टोपीवाला अमेरिकन म्हातारा, बाही वर सारलेली कामगार बाई, नाहीतर लाल पार्श्वभूमीवर मुकुट आणि खाली ‘कीप काम अँड कॅरी ऑन’.

या शेवटच्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताना ब्रिटिश सरकारनं ते छापलं. मोठे बॉम्बहल्ले झाले की जनतेला धीर द्यायला लावायचं, म्हणून राखून ठेवलं. जवळजवळ साडेचोवीस लाख प्रती छापल्या आणि ते जवळपास लागलंच नाही. १९४० मध्ये बहुतेक गठ्ठे रद्दीत जाऊन त्यांचा लगदा झाला. मग २००० साली इंग्लंडच्या उत्तरेला ॲल्निक नावाच्या गावात, जुन्या रेल्वे स्टेशनात जुन्या पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या स्टुअर्ट मॅन्ली यांना लिलावात घेतलेल्या पुस्तकांच्या खोक्यात तळाशी एक घडी सापडली. त्यांच्या पत्नी मेरी यांना ती आवडली, त्यांनी फ्रेम करून गल्ल्याजवळ लावली. गिऱ्हाइकं विचारू लागली, ‘हे विकता का?’ नकला छापल्या आणि पुढचं तुम्ही कपबशीवर, टी-शर्टवर, मोबाइलच्या पाठीवर पाहिलंच आहे. ज्या लोकांना धीर द्यायला ते काढलं त्यांनी ते पाहिलं नाही, आणि ज्यांच्यावर कधी बॉम्ब पडला नाही त्यांच्या कॉफीवर ते लटकतंय. मी स्वतः अशा किती विकल्या याचा हिशोब ठेवलेला नाही. भाडं मात्र त्यातून भरलंय.

बाही सारलेल्या बाईचंही तसंच. जे. हॉवर्ड मिलर नावाच्या चित्रकारानं वेस्टिंगहाउस कंपनीसाठी ते काढलं. १९४३ च्या फेब्रुवारीत कंपनीच्या आतल्या भिंतींवर दोन आठवडे लागलं आणि उतरवलं. हेतू एवढाच की कामगारांनी कुरकुर न करता काम करावं. चाळीस वर्षांनी, १९८० नंतर, स्त्रियांच्या चळवळीला ते सापडलं आणि त्याचा अर्थच पालटला. आज माझ्याकडे मुली ते चित्र होस्टेलच्या खोलीसाठी नेतात आणि मला फार बरं वाटतं. मिलरसाहेबांना काय वाटलं असतं कोण जाणे.

या सगळ्यांचा आजोबा म्हणजे बोट रोखलेला किचनेर. हा माणूस आपल्याकडे १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. १९१४ च्या सप्टेंबरात ‘लंडन ओपिनियन’ नावाच्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आल्फ्रेड लीट यांनी त्याचा मिशाळ चेहरा आणि थेट तुमच्याकडे रोखलेलं बोट काढलं. तीन वर्षांनी अमेरिकेत जेम्स माँटगोमेरी फ्लॅगनं तीच कल्पना उचलली, अंकल सॅमला स्वतःचाच चेहरा दिला, आणि त्याच्या चाळीस लाखांवर प्रती निघाल्या. हे चित्र चित्रकार म्हणून पाहा. तुम्ही खोलीत कुठेही उभे राहा, बोट तुमच्याकडेच असतं. आपल्या कुलकर्णी-देशमुख-खान-राठोड सगळ्यांना मागच्या बाकावरून जसं सरांचं बोट स्वतःकडेच वाटायचं, तसं. किचनेर स्वतः १९१६ मध्ये जहाजाखाली सुरुंग फुटून बुडून मेला. बोट मात्र अजून रोखलेलं आहे.

माझं या चित्रांशी भांडण नाही. कागद उत्तम, रंग मोजके, अक्षरं ठसठशीत. शिळाप्रेसवर एकेक रंग वेगळा छापलेला, लांबून वाचता यावा म्हणून चार शब्दांत आवरलेला मजकूर. आजच्या आपल्या निवडणुकीच्या फलकांवर एका चौकोनात एकोणीस चेहरे असतात. त्यांनी हे पाहून शिकावं. पण एक गोष्ट फ्रेम करताना रोज हाताला लागते. पोस्टर हे मुळात भिंत सजवायला काढलेलं नसतं. ते हुकूम असतं. हुकूम देणारा गेला, युद्ध संपलं, की मागे राहतो तो नुसता रंग. तोच आपल्याला सुंदर दिसतो. सगळ्यांचाच हुकूम असा मरतो असंही नाही. एकदा एक मुलगा जर्मनीतल्या हिटलरच्या काळातलं पोस्टर छापून घ्यायला आला. ‘काका, डिझाइन बघा ना किती भारी आहे.’ डिझाइन भारी होतंच. मी म्हटलं, बाबा, दुसरीकडे जा. त्यानं मला जुन्या विचारांचा म्हटलं. तसा असेन.

हे सगळं मी पुण्यात शिकलो असं सांगितलं तर ते खोटं होईल. यातलं पहिलं चित्र मी पाहिलं ते इथं, मंगरूळपीरला, दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या जुन्या घरात.

आमच्या माजघराला एकच खिडकी, तीही मागल्या बोळात उघडणारी. भिंती मातीच्या, दिवाळीआधी पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या. देवाच्या कोनाड्याशेजारी दोन चित्रं होती. एक कॅलेंडर, तारखांचा भाग कापून टाकलेलं, त्यात फौजी पोशाखातले नेताजी. असलं कॅलेंडर तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. आणि दुसरा एक कागद, खळीनं थेट भिंतीला चिकटवलेला. त्यावर खाकी पोशाखातला, बंदूक घेतलेला हिंदुस्थानी शिपाई. मागे गाव, झाड, आभाळ. खालची छापील ओळ ओल येऊन गळून गेलेली. चेहरा धुरानं पिवळा पडलेला. त्या कागदाला रोज कुंकवाचं बोट लागायचं.

ते लावणारी माझी लहानी आजी. माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. हे धाकटे आजोबा १९४२ च्या आगेमागे फौजेत गेले. आमच्या पिढीनं त्यांना पाहिलेलं नाही; घरात त्यांचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, नुसतं ‘फौजी’ म्हणायचे.

तो काळ आठवा. आपला भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात, मध्यप्रांत-वऱ्हाडात. वाशीम जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. १९३९ च्या सप्टेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगोनं हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं परस्पर जाहीर केलं, कोणाला विचारलं नाही, म्हणून आपल्याही प्रांतातलं काँग्रेसचं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ झालं, आष्टी आणि चिमूरला रक्त सांडलं. आणि त्याच १९४२ मध्ये सरकारनं नॅशनल वॉर फ्रंट उभारून अफवांविरुद्ध, घबराटीविरुद्ध, भरतीच्या बाजूनं पत्रकं, चित्रं, भाषणं यांचा मारा चालवला होता. एका बाजूला तुरुंग भरत होते, दुसऱ्या बाजूला फौज. युद्धाच्या सुरुवातीला जेमतेम दोन लाखांची हिंदुस्थानी फौज १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेली. सक्तीची भरती नव्हती, सगळे आपण होऊन गेलेले. ‘आपण होऊन’ हा शब्द मात्र जरा उलटून पाहावा लागतो. कंट्रोलचं धान्य, कंट्रोलचं कापड, रॉकेलची रांग. तांबं वाचवायला सरकारनं १९४३ पासून पैशाला मधे भोक पाडलं. तो भोकाचा पैसा आमच्या घरी पुढं करदोट्यात ओवलेला होता. अशा दिवसांत सावकाराचं देणं डोक्यावर असलेल्या पंचवीस वर्षांच्या माणसाला खाकी कपडे, दोन वेळचं जेवण, महिन्याला पगार आणि वर मोटार चालवायला शिकवतो म्हटल्यावर तो काय करेल?

हिंदुस्थानी पोस्टरवाल्यांना हे पक्कं कळलेलं होतं. विलायतेतला किचनेर ‘देशाला तू हवास’ म्हणतो. आपल्याकडची पोस्टरं असं म्हणत नाहीत. पहिल्या महायुद्धातलं एक उर्दू पोस्टर प्रसिद्ध आहे. बंदूक घेऊन शिपाई उभा आहे आणि मजकुराचा आशय असा, की हा शिपाई हिंदुस्थानचं रक्षण करतोय, आपल्या घराचं आणि घरच्यांचं रक्षण करतोय. घरच्यांना मदत करायची तर फौजेत भरती व्हा. पंजाबसाठी काढलेलं आणखी एक त्याहून रोखठोक. त्यात वर्दी, पैसे आणि बंदूक नुसती मांडून ठेवलीय आणि विचारलंय, हे कोण घेणार? जो भरती होईल तो. राजा नाही, साम्राज्य नाही. घर आणि पैसा. वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं. त्यात दिसत नाही तो चिखल, खेचरं, हिवताप आणि तार.

आमच्या घरचा तो कागद बहुधा भरतीवाल्यांनी बाजाराच्या दिवशी वाटलेल्यांपैकी असावा. धाकट्या आजोबांनीच तो घरी आणला, असं आजी सांगायची. ते गेले कामठीला, तिथून पुढे, पुढे म्हणजे कुठे ते कोणालाच कळलं नाही. फोटो काढलेला नव्हता. मंगरूळात तेव्हा फोटो काढायचा कोणी आणि कशाला? १९४४ मध्ये सरकारी कागद आला. तो वाचून दाखवल्यावर लहानी आजी म्हणाली म्हणे, ‘सरकारले काय मालूम?’ आणि तिनं कुंकू पुसलं नाही. महिन्याला पेन्शनची मनीऑर्डर यायची. अंगठा उठवून ती घ्यायची आणि म्हणायची, ‘तो पाठवते.’

युद्ध संपल्यावर लाल किल्ल्यातले खटले गाजले, आझाद हिंद फौजेच्या गोष्टी गावोगाव पोचल्या. ब्रह्मदेशात, मलायात पकडलेले कितीतरी शिपाई नेताजींकडे गेले होते, हे खरंच होतं. कोणीतरी आजीला म्हटलं, तुझा धनी तिकडे गेला असेल. झालं. तिनं नेताजींचं कॅलेंडर मागून आणलं आणि शिपायाच्या शेजारी लावलं. आज विचार करतो तेव्हा वाटतं, हिंदुस्थानातल्या किती भिंतींवर असं असेल! इंग्रजांच्या भरतीचं चित्र आणि इंग्रजांशी लढलेल्या सेनापतीचं चित्र शेजारी शेजारी. दोन्ही फौजा ब्रह्मदेशात समोरासमोर उभ्या होत्या. आमच्या माजघरात त्यांना एकच उदबत्ती पुरायची. ‘तो थकीन तं याच्याजौळ जाईन’, असं तिचं साधं गणित होतं.

आता मुद्द्यावर येतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरीही नाही.

१९७६ चा जानेवारी. मी सातवीत. प्रजासत्ताक दिनाला आपल्या शाळेत तक्त्यांचं प्रदर्शन असायचं. विषय होता ‘आपला जवान’. तुम्ही सगळ्यांनी रणगाडे काढले. १९७१ ची लढाई सगळ्यांच्या डोक्यात ताजी होती. माझा रणगाडा दर वेळी बैलगाडीसारखा व्हायचा. मग मला तो कागद आठवला. दुपारी आजी शेतात गेली होती. मी फडकं ओलं केलं, कागदावर धरलं, खळ सुटेपर्यंत थांबलो आणि अलगद सोलून काढला. एक टवका उडू दिला नाही. आज माझ्याकडे कामाला असलेल्या पोरांना मी हेच शिकवतो, घाई करायची नाही, पाण्याला त्याचं काम करू द्यायचं. मग कात्री घेतली आणि शिपाई कडेकडेनं कापला. मागचं गाव, झाड, आभाळ चुलीत गेलं. निळ्या कार्डशीटवर शिपाई डकवला, वर घरच्या कपाशीचे ढग, बाजूला तिरंगा. पहिलं बक्षीस मिळालं. कंपास पेटी. टाळ्या वाजवणारे इथे बसलेले आहेत.

संध्याकाळी आजीनं एवढंच विचारलं, ‘काहून रे बापू, तो कुठी गेला?’ मी सांगितलं, शाळेत. ती काही बोलली नाही. मला वाटलं, सुटलो.

२६ जानेवारीला प्रदर्शन गावाला खुलं असायचं. लहानी आजी शाळेत कधी आली नव्हती. त्या दिवशी आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. ऑफिसपुढच्या व्हरांड्यात माझा तक्ता लावला होता. ती त्याच्यासमोर इतका वेळ उभी राहिली की मागची रांग कुरकुर करू लागली आणि मला लाज वाटली, ही शरम खरी सांगतो. ती वळून मला म्हणाली, ‘अथी उजेड हाय बापू. घरात त्याले काही दिसत नव्हतं.’ आणि जाताना, ‘मंग घरी कधी आणशीन?’

‘आणतो’, म्हटलं. तक्ता दिवाळीपर्यंत तिथेच होता. सुट्टीत रंगरंगोटी झाली तेव्हा सगळे तक्ते काढून मागच्या खोलीत टाकले. मी गेलो तेव्हा त्यांना वाळवी लागलेली होती. शिपाई गुडघ्यापर्यंत उरला होता. मी तो घरी नेलाच नाही. कसा नेणार? आजीनं आणखी दोनदा विचारलं, मी आणखी दोनदा ‘उद्या’ म्हटलं, मग तिनं विचारणं सोडलं. मात्र पुढच्या प्रत्येक दिवाळीला माजघर पोतारताना ती तेवढा चौकोन सोडून पोतारायची. आजूबाजूची भिंत पांढरी आणि मधे कागदाच्या आकाराचा मातकट चौकोन. त्याला कुंकवाचं बोट लागायचंच. १९८४ मध्ये ती गेली. पुढे घर पाडलं तेव्हा तो चौकोन मी शेवटचा पाहिला.

मी फ्रेमच्या धंद्यात कसा आलो, असं लोक विचारतात. मी काहीतरी सांगतो.

२०१६ मध्ये माझ्या मुलीनं एक गोष्ट शोधून दिली. युद्धात मेलेल्या शिपायांची नोंद ठेवणारं राष्ट्रकुलाचं एक मंडळ आहे, त्यांच्या याद्या सगळ्यांना पाहता येतात. रंगूनच्या उत्तरेला तीस-पस्तीस किलोमीटरवर टॉक्यान इथं युद्धस्मशान आहे. तिथल्या दगडी खांबांवर, ज्यांची कबरही नाही नि चितेची जागाही माहीत नाही अशा सुमारे सत्तावीस हजार जणांची नावं कोरली आहेत, त्यांत हिंदुस्थानी नावंच नावं. यादीत नावापुढे नंबर, पलटण, तारीख असते आणि पुष्कळांच्या पुढे एक ओळ असते, अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव, जिल्हा. आमच्या धाकट्या आजोबांची ओळ सापडली. आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे रसद पोचवणारे, १९४४. गाव मंगरूळ, जिल्हा अकोला. आणि ‘हिचा नवरा’ म्हणून लहान्या आजीचं नाव, इंग्रजी अक्षरांत, चुकीच्या स्पेलिंगनं.

जिनं आयुष्यभर ‘सरकारले काय मालूम’ म्हटलं, तिचं नाव सरकारी यादीत होतं. ते पान मी दुकानात छापून घेतलं. दोन महिने ते टेबलाच्या खणात होतं. कसली चौकट घालावी, ठरेना. शेवटी साधी सागवानी पट्टी घातली, रुंद पांढरा माउंट ठेवला. ते आता माझ्या घरी आहे, खिडकीसमोरच्या भिंतीवर. खरं तर खिडकीसमोर काहीही लावू नये, कागद उडतो, मी गिऱ्हाइकाला कधी लावू देत नाही. तेवढं एकच लावलंय.

तर आपल्या सभागृहाचं. मी किचनेर आणलेला नाही, अंकल सॅमही आणलेला नाही. ग्रुपवर ज्यांनी अंगठे दिले त्यांची माफी मागतो. विलायती पोस्टरं नकोत असं माझं म्हणणं नाही; ‘कीप काम’ एक आणलंय, ते परीक्षेच्या दिवसांत उपयोगी पडेल, दाराच्या वर लावा. त्या उर्दू शिपायाची एक मोठी प्रतही आणली आहे. त्याच्याखाली मराठीत मजकुराचा अर्थ आणि तीन ओळींत हकीकत लिहिलेली पाटी आहे, म्हणजे पोरं नुसती सेल्फी काढून जाणार नाहीत, निदान एखादं तरी विचारेल की बाबा, याच्या घरच्यांचं पुढे काय झालं.

बाकीच्या आठ चौकटी मी रिकाम्या आणल्यात. काच आहे, मागचा बोर्ड आम्लविरहित आहे, आत चित्र नाही. ती तुम्ही द्यायची. मंगरूळ, शेलूबाजार, मानोरा, कारंजा, जिथून जिथून आपण या शाळेत आलो तिथल्या घरांत कोणाचे आजोबा बर्मेला गेले असतील, कोणाचे वडील १९६२, १९६५, १९७१ ला. काहींच्या आईनं, आजीनं संरक्षण निधीला बांगडी दिली असेल, त्याची पावती असेल. ‘जय जवान जय किसान’चं तेव्हाचं कॅलेंडर असेल, मुळगावकर-दलालांच्या चित्रांच्या शेजारी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं. डिस्चार्जचा दाखला असेल, मनीऑर्डरचं कूपन असेल, त्यावर दोन ओळी खुशाली असेल. ते द्या. मूळ कागद मला नको, तो घरीच राहू द्या. मी इथेच त्याचा फोटो काढून तुमच्यासमोर परत देईन आणि प्रत चौकटीत घालीन. माझ्या हाती मूळ कागद पुन्हा कोणी देऊ नये, यामागचं कारण आता तुम्हाला कळलंच आहे.

काही धंद्याच्या सूचना. कागद घड्या पडलेला असेल तर इस्त्री फिरवू नका. फाटला असेल तर सेलोटेप लावू नका. टेप पाच वर्षांत गळून पडते, तिचा तपकिरी डाग जन्मभर राहतो. फेव्हिकॉल तर नकोच. कृपा करून लॅमिनेशन करून आणू नका, ते पुन्हा निघत नाही. कसर लागली असेल तर झटकू नका, तसाच वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. आणि भिंतीला चिकटलेला असेल, तर सोलायचा प्रयत्न करू नका. मला सांगा, मी येतो.

उद्या सकाळी दहा ते एक मी जुन्या चित्रकलेच्या वर्गात बसणार आहे. ज्यांना गावाकडे जाऊन ट्रंक उघडावी लागेल त्यांच्यासाठी परवाही थांबेन. चौकटी पश्चिमेच्या भिंतीवर लावायच्या नाहीत. पूर्वेच्या भिंतीवर खिळे कुठे ठोकायचे ते मी खडूनं खुणा करून ठेवलंय. शिपाईकाकांना ड्रिल मशीन मिळालं नाही, कोणाकडे असेल तर घेऊन या.